देवगिरीचा पाडाव आणि आपला सातबारा

गावाकडचा सातबारा एकदा निवांत वाचून बघा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे बघायला नव्हे, त्यावरचे शब्द बघायला. वरच्या बाजूला तालुका आणि जिल्हा. खाली जिरायत, बागायत, पोटखराबा. बाराच्या नमुन्यात हंगामाचा रकाना, त्यात खरीप नाहीतर रब्बी. 'खरीप' आणि 'रब्बी' ही मुळात अरबीतली ऋतूंची नावं, शरद आणि वसंत. पीक ज्या ऋतूत हाती येतं त्यावरून पडलेली. 'जिरायत' अरबी. 'बागायत' म्हणजे फारसी बागेला लावलेलं अरबी शेपूट. 'हंगाम' फारसी. 'पोटखराबा'त पोट आपलं आणि खराबा अरबी. हा उतारा काढायला गेलात की अर्ज, नक्कल, दाखला, सही, शिक्का. कोणी हरकत घेतली की वारस, हक्क, फैसला. सगळे बाहेरून आलेले.

आता कागद घडी घालून खिशात ठेवा आणि बांधावर या. नांगर, कुळव, पाभर, विळा, मोट, पेरणी, कापणी, मळणी, खळं, कणगी. इथं सगळं घरचं. माझे मामा 'रब्बीची पेरणी' म्हणतात तेव्हा त्या दोन शब्दांमध्ये सातशे वर्षांची शिवण असते. पेरणी त्यांच्या खापरपणज्याच्याही आधीची आणि रब्बी सरकारची.

ही शिवण कुठे पडली, याचं एका नावात उत्तर द्यायचं तर ते देवगिरी. आजचा दौलताबादचा किल्ला. यादवांचं राज्य दिल्लीच्या सुलतानांनी जिंकलं ते १२९६ ते १३१८ या बावीस वर्षांत. शाळेत हा धडा आपण दोन परिच्छेदांत उरकलेला असतो: अल्लाउद्दीन आला, गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, रामदेवराय हरला. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिचा महत्त्वाचा भाग लढाई संपल्यावर सुरू होतो.

आधी यादव

कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेले यादव बाराव्या शतकाच्या शेवटी स्वतंत्र झाले. पाचव्या भिल्लमानं देवगिरीला राजधानी केली. सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, राज्य सगळ्यात मोठं झालं. रामचंद्र, म्हणजे आपला रामदेवराय, १२७१ मध्ये चुलतभाऊ आमणदेवाला गादीवरून उतरवून राजा झाला. त्याच्या दरबारात हेमाद्री पंडित, आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याचं दफ्तर त्याच्या हाती. ('दफ्तर' लिहिलं आणि लक्षात आलं, हाही शब्द बाहेरचाच. या लेखात असं वारंवार होणार आहे.)

राज्य श्रीमंत होतं. काळी जमीन, पैठण आणि तेरसारखी जुनी व्यापारी गावं, घाट उतरलं की ठाणे, सोपारा, चौलसारखी बंदरं. मराठीला दरबारात आणि मठात दोन्हीकडे मान मिळू लागला होता. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी याच श्रीरामचंद्राचा न्यायानं राज्य करणारा राजा म्हणून उल्लेख केला. त्यानंतर सहाच वर्षांनी उत्तरेचे घोडेस्वार देवगिरीच्या वेशीवर उभे होते. ज्ञानदेवांची आळंदीची समाधीही १२९६ चीच, त्या वर्षाच्या कार्तिकातली. आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, म्हणून त्या एकाच वर्षातल्या आहेत हे सहसा जाणवत नाही. जुन्या पुस्तकांत स्वारीचं साल १२९४ सापडतं, त्यामुळेही गोंधळ होतो.

अल्लाउद्दीनला पैसे हवे होते

अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. तो कड्याचा सुभेदार होता. हे ठिकाण गंगेकाठी, आजच्या प्रयागराजजवळ. सुलतान जलालुद्दीन खिलजी त्याचा सख्खा चुलता आणि सासराही. बरनी हा इतिहासकार सांगतो, की बायको आणि सासू या दोघींशी त्याचं अजिबात पटत नव्हतं आणि घरातल्या या कटकटीला तो विटला होता. सासुरवासाची गोष्ट आपल्याकडे सहसा उलट्या बाजूनं सांगितली जाते. इथं जावई गांजलेला आहे. पण खरी निकड गादीची होती. चुलत्याला हटवायचं तर अमीर फोडावे लागणार, फौज उभी करावी लागणार आणि दोन्हीला रोकड लागणार. त्यानं आधी भिलसा, म्हणजे विदिशा, लुटलं. देवगिरीच्या संपत्तीची बातमी त्याला तिथेच लागली.

१२९६ च्या सुरुवातीला तो सुलतानाला न कळवता निघाला. काही हजार स्वार बरोबर होते. आकडा प्रत्येक इतिहासकाराचा वेगळा. कडा ते देवगिरी हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ९०० किलोमीटर भरतं. चंदेरीवरून तो एलिचपूरला, आजच्या अचलपूरला आला. वाटेत त्यानं आवई उठवली, की आपण चुलत्यावर रुसलेले सरदार आहोत आणि राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरी मागायला चाललो आहोत. लोकांनी विश्वास ठेवला. त्या काळी असे रुसलेले सरदार रस्त्यांवर दिसतही असत.

देवगिरीच्या वाटेवर घाटी लाजौरा इथे कान्हा नावाच्या सरदारानं त्याला अडवलं. या लढाईत दोन स्त्रियाही शर्थीनं लढल्या, असं चौदाव्या शतकातला फारसी कवी इसामी यानं लिहून ठेवलं आहे. त्यांची नावं त्यानं दिली नाहीत. शत्रूच्या बाजूच्या कवीनं ज्यांची दखल घेतली, त्यांचं नाव आपल्याकडच्या एकाही शिलालेखात नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

पुढचं साधारण सगळ्यांना माहीत आहे. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर राजधानीबाहेर होती. रामचंद्र किल्ल्यात शिरला. खाली शहर लुटलं गेलं, पागेतले घोडे आणि हत्ती गेले. अल्लाउद्दीननं आणखी एक पुडी सोडली: आम्ही नुसती आघाडी आहोत, सुलतानाची मोठी फौज मागून येते आहे. राजानं तह केला. तेवढ्यात शंकरदेव परतला, बापाचं न ऐकता लढला आणि जिंकतही आला होता. पण किल्ल्याच्या वेढ्यावर ठेवलेला नुसरतखान आपली तुकडी घेऊन धावत आला. त्या तुकडीची धूळ बघून यादवांच्या सैन्याला वाटलं, दिल्लीची ती मोठी फौज आली. थापेला धुळीची साथ मिळाली आणि सैन्य फुटलं.

मिठाच्या गोण्यांची हकीकत फरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो: घाईघाईत गडावर नेलेल्या गोण्यांत धान्य नसून मीठ होतं. फरिश्ता अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारात वावरलेला, त्यामुळे इकडच्या ऐकीव गोष्टी त्याला माहीत असणार. पण तो लिहितो तीनशे वर्षांनी. गोष्ट खरी असेलही. मीठ निघालं नसतं तर देवगिरी वाचली असती, असं मात्र मला वाटत नाही. लुटीचे आकडेही त्याचेच: सहाशे मण सोनं, सात मण मोती वगैरे. तेव्हाचा मण आजच्यापेक्षा लहान होता आणि फरिश्त्याला मोठे आकडे आवडतात. लूट प्रचंड होती, एवढं धरून चालू. शिवाय एलिचपूरचा वसूल दरसाल पाठवायचं कबूल करून घेतलं.

त्या पैशाचं काय झालं? त्याच वर्षी जुलैमध्ये कड्याला भेटायला आलेल्या चुलत्याचा अल्लाउद्दीननं खून करवला. दिल्लीकडे जाताना प्रत्येक मुक्कामाला तो लहानशा मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, जमलेल्या लोकांवर सोनं उडवत गेला, असं बरनी लिहितो. पैठणच्या बाजारात, चौलच्या धक्क्यावर साठलेला पैसा असा गंगेकाठच्या चिखलात उधळला गेला आणि त्यातून दिल्लीची गादी विकत घेतली गेली.

मग हरलो का?

याची एक ठरलेली उत्तरं देणारी शाळा आपल्याकडे आहे. हेमाद्रीनं व्रतवैकल्यांचा भला थोरला ग्रंथ रचला, समाज उपासतापासात गुंतला, क्षात्रतेज गेलं. कोणी खापर संतांवर फोडतं, कोणी महानुभावांवर. ऐकायला ही कारणं बरी वाटतात, कारण त्यातून आज कोणाला तरी बोल लावता येतो. पण मग पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत वरंगळचे काकतीय, द्वारसमुद्राचे होयसळ आणि मदुरेचे पांड्य हे सगळे का हरले? त्यांच्याकडे काही हेमाडपंत नव्हता. चार वेगवेगळी राज्यं एकाच शत्रूपुढे एकाच पद्धतीनं हरतात तेव्हा कारण व्रतांच्या पोथीत शोधू नये.

पहिलं कारण घोडा. दख्खनच्या हवेत लढाईचा चांगला घोडा मोठ्या संख्येनं निपजत नव्हता. तो अरबस्तानातून जहाजानं यायचा आणि महाग पडायचा. दिल्लीला वायव्येच्या वाटेनं घोडे मिळत. चपळ घोडदळाच्या जोरावरच ९०० किलोमीटर दूरच्या राजधानीवर अचानक जाऊन धडकता आलं.

दुसरं कारण शेजारी. यादव, होयसळ, काकतीय आणि गुजरातचे वाघेला पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी भांडत होते. उत्तरेला विंध्याच्या खिंडी सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं. माळव्याचे परमार खिळखिळे झाले होते. यादवांचं सगळं लक्ष दक्षिणेकडे. अल्लाउद्दीन एलिचपूरपर्यंत आला तरी राजधानीत खबर नाही, हे हेरखात्याचं अपयश आहे. हरण्याचं मोठं श्रेय मी याला देईन.

तिसरं कारण जरा लांबचं: मंगोल. अल्लाउद्दीन गादीवर बसल्यावर मंगोलांच्या टोळ्या दिल्लीवर वारंवार येऊ लागल्या. १३०३ मध्ये त्यांनी शहराला दोनेक महिने वेढा घातला होता. त्यांना थोपवायचं तर जहागिऱ्यांवर न अवलंबता रोख पगाराची खडी फौज हवी. बरनीनं स्वाराचा वर्षाचा पगार २३४ टंके, म्हणजे चांदीची नाणी, दिला आहे. एवढ्या पगारात स्वाराचं भागावं म्हणून दिल्लीच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंतचे भाव बांधून दिले गेले. तरीही तिजोरी भरायला दक्षिणेचं सोनं लागत होतं. मंगोलियाच्या गवताळ माळांवर जे सुरू झालं, त्याची किंमत अशी गोदावरीकाठानं मोजली.

यावरून लक्षात येईल, की सुरुवातीला दिल्लीला इथलं राज्य नको होतं, हप्ता हवा होता.

हप्त्याकडून ताब्याकडे

सुमारे दहा वर्षांनी खंडणी थकली. शिवाय गुजरातहून पळालेल्या करण वाघेलाला यादवांनी बागलाणात आसरा दिला होता. १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि रामचंद्राला धरून दिल्लीला घेऊन गेला. तिथे त्याचा छळ वगैरे झाला नाही. उलट छत्र, 'रायरायान' हा किताब आणि एक लाख टंके देऊन काही महिन्यांनी परत पाठवला. हा व्यवहार होता. त्यानंतर रामचंद्र मरेपर्यंत दिल्लीशी प्रामाणिक राहिला. काफूरच्या वरंगळ आणि द्वारसमुद्राच्या मोहिमांना देवगिरीनं रसद पुरवली, वाटाडे दिले. होयसळांशी जुनं वैर होतंच.

त्याच सुमाराचा, १३१० सालचा, रामचंद्राचा एक ताम्रपट बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सापडला आहे. त्यात राजाच्या पराक्रमांची लांबलचक यादी आहे. वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवल्याचाही दावा आहे. दिल्लीची कैद, खंडणी, तह यांचा शब्द नाही. सरकारी कागदावर पराभवाची नोंद होत नसते, तेव्हाही होत नव्हती.

रामचंद्राच्या एका मुलीचं लग्न अल्लाउद्दीनशी झालं होतं. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर याला १३१६ मध्ये काफूरनं दिल्लीच्या तख्तावर बसवलं. पोर पाच-सहा वर्षांचं, आणि कारभार उणापुरा तीन महिन्यांचा. म्हणजे रामदेवरायाचा नातू, नावापुरता का होईना, दिल्लीचा सुलतान होऊन गेला.

रामचंद्रानंतर शंकरदेवानं खंडणी नाकारली. १३१३ च्या सुमारास काफूरनं त्याला ठार मारलं. अल्लाउद्दीन मेल्यावर दिल्लीत गोंधळ माजला तेव्हा रामचंद्राचा जावई हरपाळदेव उठला. १३१८ मध्ये सुलतान कुतबुद्दीन मुबारकशाह स्वतः आला, हरपाळला पकडलं आणि हाल करून मारलं. यादव संपले. मांडलिक ठेवून हप्ता घेण्याचा प्रयोग तीनदा फसला होता, म्हणून आता सुभेदार नेमला गेला.

किल्ल्यातली मोठी मशीद त्याच मोहिमेतली. तिचे खांब मंदिरांचे आहेत. जवळ जाऊन बघितलं तर कोरीव काम स्पष्ट ओळखू येतं. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसवली गेली आणि आज तिला भारतमाता मंदिर म्हणतात. मंदिराचे खांब, मशिदीचं अंगण, परत मंदिर. अंगण इतकं मोठं, की तिथे उन्हात उभं राहिलं तर माणूस मुंगीएवढा वाटतो. गाईड मंडळी हा इतिहास दोन मिनिटांत सांगून चांदमिनाराकडे वळतात.

दिल्ली इथे आली तेव्हा

ताबा घेणं वेगळं आणि मुरणं वेगळं. मुरायला सुरुवात झाली ती मुहम्मद तुघलकामुळे. १३२७ मध्ये त्यानं देवगिरीला दौलताबाद म्हणत दुसरी राजधानी केली आणि दिल्लीचे अमीर, उलेमा, सूफी, कारागीर यांना इकडे हलवलं. 'तुघलकी कारभार' हा वाक्प्रचार आपण याच प्रकरणावरून वापरतो. इसामी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याचा नव्वदीचा आजोबा या प्रवासात दिल्लीबाहेरच्या पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, वारला. पुढे याच इसामीनं दख्खनमध्ये बसून फारसी महाकाव्यात सगळा इतिहास लिहिला आणि तुघलकाला पोटभर शिव्या दिल्या. वर देवगिरीच्या लढाईच्या ज्या हकिकती सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच त्याच्यामुळे आपल्यापर्यंत आल्या.

आठ-दहा वर्षांनी सुलतानानं परतीची परवानगी दिली. बरेच गेले, बरेच राहिले. मला वाटतं, महाराष्ट्राच्या दृष्टीनं १२९६ च्या स्वारीपेक्षा हे 'राहिलेले' लोक जास्त महत्त्वाचे. त्यांच्या बोलीतून दखनी तयार झाली. तिचा 'नक्को' आपल्या 'नको'तून गेला आहे आणि 'मैं इच बोला' मधला 'इच' हा आपला 'च'. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचा 'च' उचलला, ही गोष्ट मला लढाईच्या तपशिलांपेक्षा जास्त बोलकी वाटते. सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले; त्यांची कबर किल्ल्याजवळच्या खुलदाबादला आहे आणि बुऱ्हाणपूर शहराचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. सूफींच्या या गावातच पुढे, १७०७ मध्ये, औरंगजेबाला पुरलं.

जिंकणं सगळीकडे सारखं झालं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. तुघलकाला कोंढाण्यावर नागनाथ नावाच्या कोळी नाईकानं आठ महिने झुंजवलं. शहर आणि सपाटी सुलतानाची, डोंगर आणि जंगल स्थानिक नाईकांचं, असं बराच काळ चाललं. ही वाटणी तीनशे वर्षांनी फार उपयोगी पडणार होती.

खालचा मजला तोच

१३४७ मध्ये दौलताबादच्याच अमीरांनी दिल्लीविरुद्ध बंड केलं आणि हसन बहमनशाहनं स्वतंत्र राज्य मांडलं. आता दिल्लीहून माणसंही येईनात आणि पैसाही. मग राज्य चालवायचं कोणी? गावागावांतून वसूल गोळा करायला पाटील आणि कुलकर्णी लागत, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. हे शब्द बघा: सगळे देशी. 'पाटील' तर जुन्या लेखांतल्या 'पट्टकिला'चा वंशज. यांना हटवणं कोणाच्याच बापाला शक्य नव्हतं, कारण कोणत्या शेतात काय पिकतं आणि बांध कुठून कुठे जातो हे फक्त त्यांना माहीत. सुलतानांनी त्यांना तसंच ठेवलं. वर फारसी दफ्तर आणि खाली मराठी गाव. मध्ये एक नवा थर तयार झाला, दोन्ही भाषा जाणणाऱ्या कारकुनांचा.

हा थर आजही आपल्या लग्नपत्रिकांवर सापडतो. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. मुजुमदार, इनामदार, हवालदार, मोकाशी ही त्याच घरातली भावंडं. कुलकर्ण्यांची मुलगी चिटणिसांकडे दिली, की गावाचं दफ्तर आणि दरबाराचं दफ्तर सोयरे झाले म्हणायचे.

अर्थात हे सगळे शब्द १३१८ च्या सकाळी एकदम आले नाहीत. काही बहमनी काळात आले, काही निजामशाही-आदिलशाहीत, काही मोगलाईत. 'तालुका' आणि 'जिल्हा' आजच्या अर्थानं पक्के झाले ते तर इंग्रजी अमलात. देवगिरीनं दार उघडलं, सामान पुढची चारशे वर्षं येत राहिलं. आणि मोल काही कमी पडलं नाही. राजाश्रयावर बांधली जाणारी मोठी देवळं थांबली. मठांच्या, पंडितांच्या दानपत्रांचा ओघ आटला. मराठीला दरबारात जेमतेम जागा मिळाली होती, ती गेली. नामदेवांनी आणि चोखोबांनी हा सगळा काळ डोळ्यांनी पाहिला. त्यांच्यानंतर मराठी लेखनात जी लांब शांतता आहे, तिच्यामागे हे कारण असावं असं मला वाटतं.

दुसरीकडे त्याच व्यवस्थेत मराठा शिलेदार वाढले. बहमनी राज्याची पाच शकलं झाली तेव्हा प्रत्येक शाहीला स्थानिक घोडेस्वार हवे होते. भोसले, घोरपडे, निंबाळकर, जाधव ही घराणी त्यातून पुढे आली. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांना त्यांच्या मुलांसह निजामशहाच्या दरबारात दगा देऊन मारलं, ते कुठे? दौलताबादच्या किल्ल्यात. लखुजींची मुलगी जिजाऊ त्या वेळी गरोदर होती, आणि पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला: दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य. कोश उत्तम होता. पण त्यातले शब्द दरबारापुरतेच राहिले, आणि तिथेही 'पेशवा'च टिकला. गावात रब्बीची रब्बीच राहिली. तोवर तो शब्द परका आहे हे कोणाला आठवतही नव्हतं.

गडावरचा हिशेब

सोळाव्या शतकात देवगिरीवर निजामशाहीचे एक अधिकारी होते, जनार्दनस्वामी. पैठणचा एक पोरगा त्यांना गुरू करायला गडावर आला, एकनाथ. नाथांची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट याच किल्ल्यावरची आहे. गुरूंनी हिशेब तपासायला दिला होता. एका पैचा ताळा लागेना. रात्रभर दिव्याखाली वह्या उलटसुलट केल्या आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, असं चित्त देवाकडे लावलंस तर काय होईल!

कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगतात. मला तीत वही दिसते. यादवांच्या त्याच डोंगरावर, निजामशाही किल्लेदाराच्या घरी, पैठणचा ब्राह्मण मुलगा जमा, खर्च आणि बाकी लिहितो आहे. तिन्ही शब्द बाहेरचे. पुढे याच नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, म्हणजे यादवांच्या काळातलं मराठी पुन्हा नीट लावून दिलं. आणि याच नाथांनी 'अर्जदस्त' नावाचं भारूडही रचलं. त्यात भक्त देवाला सरकारी अर्जाच्या फारसी थाटात विनंती करतो. पैठणच्या बाजारात ते ऐकणाऱ्यांना अर्थ विचारावा लागत नसणार. सगळ्यांनी कधी ना कधी कचेरीत तसा अर्ज केलेला होता.